शांत तारेचे दोन अर्थ



आज मी तुमच्याशी तारेविषयी बोलणार आहे. आपली जुनी कट्ट-कडकट्ट वाजणारी तार तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. तिच्याच वंशातली एक नवी तार आहे, तिला संगणकाच्या जगात वेबसॉकेट म्हणतात. नाव अनोळखी वाटेल, पण मोबाइलवर क्रिकेटचा धावफलक आपोआप बदलतो किंवा शेअरचा भाव डोळ्यांदेखत खालीवर होतो, तिथे बहुतेक वेळा हीच तार काम करत असते. या नव्या तारेशी कोणतेही चित्रमय पान मध्ये न घेता, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरे टाइप करूनही बोलता येते. माझ्या नातीने मला ते बाभुळगावच्या आमच्या घरात करून दाखवले, आणि मला माझे वडील आठवले.

वडील तारखात्यात होते. वऱ्हाडातल्या एका कापूसपेठेत ते तारबाबू होते. बाभुळगावची शेती धाकटे काका पाहत. वडिलांचे एक वाक्य आमच्या घरात म्हणीसारखे झाले होते. ते म्हणत, "तार शांत असली की तिचे दोन अर्थ होतात. एक तर सांगण्यासारखे काही नाही, नाही तर तार तुटली. दोन्हीचा आवाज सारखाच असतो." आजचे सगळे बोलणे या एका वाक्याभोवती आहे.

थोडे मागे जाऊ. हिंदुस्थानात तार आणली ती विल्यम ओशॉनेसी या डॉक्टरने. १८५०-५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी पहिली तार उभी राहिली. पुढच्या चार वर्षांत कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास जोडले गेले आणि १८५५ मध्ये ती सर्वसामान्यांसाठी खुली झाली. तोवर बातमी माणसाच्या किंवा घोड्याच्या पायांनी जात होती. जासूद आला नाही तर वाटेत काही झाले असेल, एवढे लोकांना कळत होते. तारेने निराळीच पंचाईत केली. तारेच्या दोन टोकांना दोन माणसे सतत बसलेली, आणि मध्ये शेकडो मैलांची शांतता. त्या शांततेचा अर्थ लावायचा कसा?

याचे सर्वात भीषण उदाहरण १८५७ चे आहे. १० मे रोजी, रविवारी, मेरठला उठाव झाला. दिल्लीच्या तारघरातल्या लोकांना फक्त एवढेच कळले, की मेरठची तार बोलत नाही. ती बिघडली असेल म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी तारघराचा प्रमुख चार्ल्स टॉड तपासायला बाहेर पडला, तो परत आलाच नाही. वाटेत मारला गेला. मागे राहिलेल्या ब्रेंडिश आणि पिल्किंग्टन या दोन तरुण तारबाबूंनी अंबाल्याच्या बाजूची तार अजून जिवंत आहे हे पाहून दिल्लीतल्या प्रकाराची खबर तिकडे दिली. पुढचा इतिहास आपण जाणतो. पण तारेच्या दृष्टीने पाहिले तर त्या दोन दिवसांत एकाच टेबलावर एक तार शांत होती आणि एक बोलत होती. शांत तारेचा अर्थ शोधायला एका माणसाला प्रत्यक्ष जावे लागले आणि त्यात त्याचा जीव गेला.

समुद्रातही असेच झाले. १८५८ च्या ऑगस्टमध्ये अटलांटिक महासागराच्या तळातून युरोप आणि अमेरिकेला जोडणारी पहिली तार सुरू झाली. राणी व्हिक्टोरियाचा शंभराच्या आत शब्दांचा संदेश जायला सोळा तासांच्या आसपास वेळ लागला. आणि मग सुमारे तीन आठवड्यांत ती तार मुकी झाली. ही तार मुळात कधी चाललीच नव्हती, सगळी बनवाबनवी होती, असे म्हणणारे लोकही निघाले. टिकाऊ तार पडली ती १८६६ मध्ये, ग्रेट ईस्टर्न या प्रचंड जहाजाने टाकलेली.

आता आपण आपल्या वऱ्हाडात येऊ. १८५३ पासून वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले होते. आजचा यवतमाळ जिल्हा तेव्हा वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. यवतमाळ हे नाव १९०५ मध्ये आले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडची रुई अडली आणि मँचेस्टरच्या गिरण्यांनी आपल्याकडे तोंड वळवले. इथल्या कापसाला कधी नव्हे असा भाव आला. १८६५ च्या एप्रिलमध्ये ते युद्ध संपले. ती बातमी मुंबईत पोचली तसे भाव कोसळले, आणि १ जुलै १८६५ ला, वायद्यांच्या मुदतीच्या दिवशी, मुंबईतल्या नामांकित पेढ्या बुडाल्या. प्रेमचंद रायचंदांसारखा धनिकसुद्धा त्यातून सुटला नाही. ज्याच्या कानावर ती बातमी चार दिवस आधी पडली, तो वाचला असणार. कापसाच्या धंद्यात बातमीची किंमत काय असते हे मुंबईने तेव्हा शिकून घेतले. रॉयटर या वृत्तसंस्थेचा हेन्री कॉलिन्स १८६६ मध्ये मुंबईत येऊन कचेरी थाटतो, ते काही उगीच नाही.

१८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. रुळांच्या कडेने तारेचे खांब आले. बाभुळगावच्या उत्तरेला धामणगाव हे स्टेशन झाले. आमच्या भागातला कापूस बैलगाड्यांनी धामणगावला जाई, तो याच वाटेने. १८७० हे साल तर मला फार विलक्षण वाटते. त्या वर्षी खामगावला रेल्वेचा फाटा पोचला आणि व्हाइसरॉय लॉर्ड मेयो समारंभाला आले. त्याच वर्षी फेब्रुवारीत ग्रेट ईस्टर्न जहाजाने मुंबई ते एडन अशी समुद्री तार टाकली आणि जूनमध्ये मुंबई थेट लंडनशी बोलू लागली. आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कला कापसाचा वायदे बाजार स्थापन झाला. एका वर्षात वऱ्हाडचे रान, मुंबईचा बंदर आणि परदेशचा बाजार एका तारेवर आले.

पण श्रोतेहो, तार आली म्हणजे बातमी सगळ्यांना मिळाली असे होत नाही. खांब आमच्या वाटेवरून गेले, पण त्यांतून जाणारे आमच्या लोकांना वाचता येत नव्हते. तारेला शब्दागणिक पैसे पडत, म्हणून व्यापारी सांकेतिक शब्दांची पुस्तके बाळगत. एका शब्दात अख्खे वाक्य बसवत. बैलगाडीवर रात्र काढून आलेला शेतकरी पेठेत उभा राही तेव्हा दलालाच्या खिशात त्या दिवसाचा भाव असे, आणि शेतकऱ्याच्या डोक्यात मागच्या बाजाराचा.

माझ्या वडिलांची अडचण याहून बिकट होती. त्यांना तार वाचता येत होती. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वीस वर्षांतली ही गोष्ट आहे. टेबलावर पितळी साउंडर वाजायचा, वडील डोळे मिटून ऐकायचे आणि हाताने इंग्रजी अक्षरे उतरवत जायचे. व्यापाऱ्यांच्या भावाच्या तारा त्यांच्याच हातून जात. सांकेतिक शब्द रोज कानावरून गेल्याने त्यांतल्या काहींचा अर्थ त्यांना आपसूक कळू लागला होता. हंगामात काका बाभुळगावहून यायचे, ओसरीवर बसायचे आणि हळूच विचारायचे, "दादा, आज भाव चढते का उतरते?" वडील मान खाली घालून गप्प बसत. १८८५ च्या तार कायद्याप्रमाणे दुसऱ्याच्या तारेतला मजकूर फोडणे हा तारबाबूसाठी तुरुंगवासाचा गुन्हा होता. पण मला वाटते, कायदा नसता तरी ते बोलले नसते. काका मात्र त्या गप्प बसण्याचाही अर्थ लावायचे. एकदा तो चुकला, आणि घरात महिनाभर अबोला होता. शांत तारेचे दोन अर्थ असतात ते असे घरापर्यंत येऊन पोचले होते.

वडिलांच्या कामाचा एक भाग मला लहानपणी खेळासारखा वाटे. तार बराच वेळ वाजली नाही, की ते स्वतःहून पुढच्या ठिकाणाला हाक मारत. प्रत्येक तारघराचे दोन-तीन अक्षरांचे छोटे नाव ठरलेले असे. ते नाव ठोकायचे आणि थांबायचे. तिकडून उत्तराची कट्ट-कट्ट आली की तार जिवंत आहे. नाही आली तर लाइनमनला निरोप. पावसाळ्यात झाडाची फांदी पडे, खांब कलंडे. मजकूर काहीच नाही, पैसे देणारा गिऱ्हाईक नाही, तरी ही हाक मारायची. मी विचारी, "बाबा, तुम्ही उगाच का ठोकता?" ते म्हणत, "उगाच नाही रे. तो आहे का, ते पाहतो."

आता ही तार संगणकापर्यंत कशी आली ते थोडक्यात सांगतो. साउंडरनंतर टेलिप्रिंटर आला. इकडे टाइप करायचे, तिकडे आपोआप छापून यायचे. परदेशचे भाव असेच तारेवरून मुंबईला येत. न्यूयॉर्कचे उघडते आणि बंद होते भाव मुंबईच्या कॉटन एक्सचेंजला यायचे आणि त्यांच्या आकड्यांवर लोक पैसे लावायचे. १९६१ मध्ये ते भाव येणे बंद झाले तेव्हा धंदेवाइकांनी मडक्यातून चिठ्ठ्या काढायला सुरुवात केली आणि त्याला मटका म्हणू लागले. 'ओपन' आणि 'क्लोज' हे मटक्यातले शब्द मूळचे कापसाच्या बाजारातले आहेत.

१९६९ मध्ये अमेरिकेत, टेलिफोन कंपनीच्या बेल प्रयोगशाळेत, केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाची संगणक प्रणाली रचायला घेतली. तेव्हा संगणकाला आजच्यासारखा पडदा सहसा नसे. त्याच्याशी बोलायला टेलिटाइपचे यंत्रच जोडत. तुम्ही एक ओळ टाइप करायची, संगणकाने खाली उत्तर छापायचे. कमांड लाइन, म्हणजे आज्ञेची ओळ, ती हीच. पुढे कागद जाऊन काळा पडदा आला, पण ओळ राहिली. आजच्या लिनक्स संगणकातसुद्धा त्या ओळीच्या जागेला 'टीटीवाय' म्हणतात, आणि ते टेलिटाइपचेच लघुरूप आहे.

आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले १५ ऑगस्ट १९९५ ला. विदेश संचार निगमने मुंबईसह मोजक्या महानगरांत ते सुरू केले. त्यातले स्वस्तातले खाते 'शेल' खाते म्हणून ओळखले जाई. त्यात चित्रे दिसत नसत, नुसता काळा पडदा आणि अक्षरे. मोडेम किंचाळायचा, टेलिफोनची लाइन अडकून राहायची आणि मग एक ओळ लुकलुकायची. ज्यांनी ते वापरले ते आजही प्रेमाने आठवण काढतात. पण लवकरच चित्रांची, रंगांची पाने आली आणि ती ओळ मागे पडली.

या पानांचा व्यवहार मात्र तारेसारखा नव्हता, पत्रासारखा होता. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या सुमारास वेब रचले ते असे, की तुमच्या ब्राउझरने विचारायचे, तिकडच्या संगणकाने उत्तर द्यायचे आणि व्यवहार संपला. तिकडून आपण होऊन काही कळवण्याची सोयच नव्हती. मग भाव बदलला हे कळणार कसे? तर ब्राउझरने दर काही सेकंदांनी विचारत राहायचे, "काही नवीन? काही नवीन?" पोस्टमनच्या मागे लागलेल्या माणसासारखे. यात फुकटचा वेळ आणि खर्च, दोन्ही जात. कोणी उत्तर मुद्दाम अडवून धरायची युक्ती काढली. पण पत्राची तार काही होईना.

२००८ च्या जून महिन्यात इयन हिक्सन आणि मायकल कार्टर या दोघांच्या चर्चेतून वेबसॉकेट हे नाव पुढे आले. २००९ च्या अखेरीस क्रोम ब्राउझरमध्ये ते प्रथम आले आणि डिसेंबर २०११ मध्ये त्याचे नियम ६४५५ क्रमांकाच्या दस्तऐवजात पक्के झाले. यातली युक्ती मोठी सभ्य आहे. सुरुवात पत्रानेच होते. ब्राउझर नेहमीसारखी विनंती पाठवतो, पण तिच्यात लिहितो की आपण आता हे पत्र सोडून तारेवर बोलू या. सोबत एक परवलीचा शब्द देतो. पलीकडच्याला ते मान्य असेल तर तो त्या शब्दावर ठरलेली क्रिया करून उत्तर पाठवतो आणि १०१ हा आकडा कळवतो. १०१ म्हणजे 'रीत बदलली'. त्या क्षणापासून तोच मार्ग उघडा राहतो, आणि कोणत्याही टोकाने केव्हाही बोलावे. उघडण्याच्या आणि मिटण्याच्या घटनांना प्रोग्रामर मंडळी 'ओपन' आणि 'क्लोज' म्हणतात. कापसाच्या बाजारातली दोन अक्षरे इथे पुन्हा भेटली म्हणून मला गंमत वाटली.

आणि तार उघडी राहिली तसा जुना प्रश्नही परत आला. पत्राचे उत्तर आले नाही तर आपण समजतो, काही तरी चुकले. पण उघडी तार गप्प असेल तर?

२०२२ च्या जानेवारीतली गोष्ट सांगतो. तुम्हाला आठवत असेल, त्या हंगामात कापसाचे भाव रोज चढत होते. आमच्या घरात कापूस भरून ठेवलेला होता. माझा पुतण्या भाव दाखवणाऱ्या एका ॲपवर नजर ठेवून होता. ॲपचे नाव सांगण्यात अर्थ नाही. त्यात भावाच्या शेजारी एक हिरवा ठिपका होता. ठिपका हिरवा म्हणजे भाव ताजा. दुपारी गाडी भरायची वेळ आली. घ्यायला आलेला माणूस पडद्यावरच्याच भावाने मागत होता. पुतण्या मला म्हणाला, "काकाजी, भाव सकाळपासून काहून हालून नाही राहिला?" मला वडील आठवले. मी म्हटले, "बाजार थांबला आहे, की तार तुटली आहे, ते पहा बापा."

माझी नात पुण्याच्या एका कंपनीत काम करते. कोरोनापासून ती घरूनच, म्हणजे बाभुळगावातूनच, काम करत होती. तिने लॅपटॉप घेतला. त्याच मंडळींचे वेब पान उघडून त्याची तार कोणत्या पत्त्याला लागते ते पाहिले. मग काळा पडदा उघडला. डब्ल्यूएसकॅट नावाचे एक लहानसे, फुकट मिळणारे साधन आहे. त्याचे नाव टाइप करायचे, एक आडवी रेघ आणि सी अक्षर, मग तारेचा पत्ता. बस्स. खाली ओळ आली, 'जोडले गेले'. आणि लगेच, डावीकडे तोंड केलेल्या बाणाबरोबर, भावाची ओळ उमटली. मोबाइलवरच्या भावापेक्षा क्विंटलमागे दीडशे रुपयांनी जास्त. मिनिटभरात दुसरी ओळ आली. बाजार थांबला नव्हता. मोबाइलची तार तुटली होती आणि ॲपला त्याचा पत्ताच नव्हता. ठिपका मात्र हिरवाच.

असे का होते, तेही नातीने सांगितले. आपल्याकडे मोबाइलची रेंज येते-जाते. रेंज गेली, किंवा मधल्या यंत्राने बराच वेळ वापर नाही म्हणून मार्ग मिटला, तर दोन्ही टोकांना ते कळतेच असे नाही. इकडच्याला वाटते तिकडे बातमी नाही. तिकडच्याला वाटते आपण पाठवतो ते पोचते आहे. म्हणून वेबसॉकेटच्या नियमांतच एक सोय केलेली आहे. एका टोकाने 'पिंग' पाठवायचा, दुसऱ्याने 'पॉन्ग' म्हणून ओ द्यायची. त्यात मजकूर असण्याची गरज नाही. ठरावीक वेळात पॉन्ग आला नाही तर तार मेली असे धरून पुन्हा जोडायची. ज्याने ते ॲप बनवले त्याने ही हाक मारायची तसदी घेतली नव्हती, किंवा उत्तर न आल्याची दखल घेतली नव्हती.

"आबा, आणखी एक पहा," ती म्हणाली. ब्राउझरमधल्या पानाला स्वतःहून असा पिंग पाठवता येत नाही. तशी सोयच पान लिहिणाऱ्याला दिलेली नाही. पण कमांड लाइनवर येते. तिने तिरकी रेघ देऊन पिंग असे टाइप केले, आणि खाली पॉन्ग उमटले. मी तिला म्हटले, "हेच तर तुझे पणजोबा करायचे." रंगीत पानात हिरवा ठिपका पाहून आपण विश्वास ठेवतो. तो ठिपका म्हणजे दुसऱ्याने आपल्याला सांगितलेला निष्कर्ष आहे. कमांड लाइनवर मध्ये कोणी नसतो. तारेचे उघडे टोक हाती असते, आणि आपण स्वतः हाक मारून पाहू शकतो.

मग मीही टाइप करून पाहिले. पाठवाल ते जसेच्या तसे परत करणारी ठिकाणे असतात, नवशिक्यांना शिकायला. तिथे जोडून मी मराठीत लिहिले, 'बाभुळगाव'. खालच्या ओळीवर 'बाभुळगाव' परत आले. एक काना नाही हलला की वेलांटी नाही. वडिलांच्या साउंडरवर मराठी अक्षर कधी वाजले नाही. आमच्या गावाचे नाव इंग्रजी अक्षरांत कसेबसे बसवावे लागे. नातीने हिशेब सांगितला. गावाच्या नावात काना-उकार धरून आठ चिन्हे, प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे चोवीस. परत येताना त्यावर पाकीट म्हणून फक्त दोन बाइट, एकूण सव्वीस. जाताना मजकूर झाकून पाठवायचा असतो म्हणून आणखी चार. तारेला शब्दागणिक पैसे भरणाऱ्या व्यापाऱ्याला हा हिशेब ऐकून घेरी आली असती.

डब्ल्यूएसकॅटसारखीच वेबसोकॅट वगैरे आणखी साधने आहेत. कर्ल हे तर जगभर वापरले जाणारे जुने साधन. त्याच्या संचात ही सोय ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रायोगिक म्हणून आली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम झाली. ही सगळी मोफत आहेत. शिकायला इंजिनियर असावे लागत नाही, चार ओळी लक्षात ठेवाव्या लागतात.

पण श्रोतेहो, मी तुम्हाला खोटी आशा देणार नाही. त्या दिवशीच्या तारेला कुलूप नव्हते म्हणून आमचे काम झाले. वायदे बाजाराच्या तारा बहुधा किल्लीशिवाय उघडत नाहीत. किल्ली खातेदाराला किंवा पैसे भरणाऱ्याला मिळते. म्हणजे काकांना ओसरीवर जे भोगावे लागले, ते सगळे संपले असे नाही. बाजार समितीचे भाव सरकारी संकेतस्थळावर येतात, पण ते दिवसाचे भाव, क्षणाचे नव्हेत. आणि क्षणाचा भाव कळला म्हणून कापसाला भाव मिळतोच असेही नाही. एवढे मात्र झाले, की तार तुटलेली असताना ती शांत आहे असे समजून माल द्यायची वेळ आमच्यावर त्या दिवशी आली नाही. दीडशे रुपयांच्या फरकाने आमचे त्या वर्षीचे बियाणे निघाले.

भारतातली तारसेवा १४ जुलै २०१३ ला थांबली. त्या आधीच वडील गेले होते. तार बंद होण्याचे त्यांना फारसे वाईट वाटले नसते. यंत्र बदलते हे त्यांनी पाहिले होते. वाईट वाटले असते ते एका गोष्टीचे. टेबलावर बसून, कोणी सांगितले नसताना, "तो आहे का" म्हणून हाक मारणारा माणूस आता नसतो. ते काम आपण यंत्रावर सोपवले, आणि यंत्र लिहिणारा विसरला तर ते कोणीच करत नाही.

पुतण्याला कमांड लाइन शिकायला वेळ नाही, आणि मी त्याला आग्रहही केला नाही. पण त्याने एक सवय लावून घेतली आहे. भाव बराच वेळ हलला नाही, की तो ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडतो, आणि धामणगावच्या ओळखीच्या एकाला फोन लावतो. फोनवर पहिले वाक्य भावाचे नसते. तो आधी विचारतो, "आहेस का रे?"

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)